सतरा नंबरची सातेरी

ताळगावच्या पठारावर, विद्यापीठाच्या मागच्या अंगाला,
सकाळी सातच्या आत माश्या धरायच्या, हे माझं काम.
पगारपत्रकात त्याला मदतनीस म्हणतात.
पेटीच्या तोंडाशी काचेची नळी, मग बर्फात दोन मिनिटं.
गारठून पाय आवरले तिने, की
शहाळ्याच्या स्ट्रॉचा कापलेला तुकडा,
मानेमागून चिकटपट्टीची बारीक रेघ.
डोकं तेवढं बाहेर. मिशा, आणि जीभ.

आमच्या केरीत सातेरी म्हणजे वारूळ.
माणसाहून उंच, अबोलीखाली बुडालेलं,
त्याच्यापुढे कुणी आवाज चढवत नाही.
इथे सातेरी ही: नंबर सतरा, पाठीवर पांढरा ठिपका.
पहिल्या दिवशी मी चप्पल दाराबाहेर काढली होती.
आन्सेल्मा मॅडम हसल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी त्यांचीही चप्पल तिथेच होती.

मिशीला साखरपाणी लागलं की जीभ बाहेर येते.
तिला हे कुणी शिकवलेलं नाही.
पोळ्याच्या घरट्यातून येतानाच घेऊन आलेली.
लवंगेच्या वासात साखर लावायची, आणि पिऊ द्यायची.
लिंबाच्या वासात तीच साखर लावायची,
आणि जीभ आली
की विजेचा चिमटा.
लहानच. मी आधी स्वतःच्या बोटाला लावून बघितला.

दहा मिनिटांनी एकदा.
मध्ये पंखा बंद, खिडकी बंद,
बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारतंय, मारतंय, लागत नाही.

सहाव्या खेपेला लिंबू. साखर मिशीला टेकली.
जीभ निघाली,
आणि मध्येच थांबली.
केसाएवढी, ओली, तपकिरी,
थरथरत राहिली तिथेच. आत नाही, बाहेर नाही.
मॅडम श्वास रोखून म्हणाल्या, बघ.
वहीत एकच रकाना: आली तर एक, नाही तर शून्य.
अर्धीसाठी जागा नाही.
मी पेन्सिल बराच वेळ कागदावर टेकवून ठेवली.

बाबा अजून भट्टी लावतात.
मार्चात बोंडू तुडवतात, नीरो गाळतात,
आणि घरातल्या चादरींनासुद्धा वास येतो.
पूर्वी थेंबभर चाखून सांगायचे, किती धारेची.
आता बाटली उजेडात धरून हलवतात,
बुडबुड्यांची माळ काठाला किती वेळ टिकते ते मोजतात.
गिऱ्हाईक म्हणतं, बाबलो, जरा घोट घे ना, तुझीच आहे.
अकरा वर्षं झाली.
त्यांना चिमटा कशाचा बसला, ते घरात कुणी काढत नाही.
धाकटीच्या कपाळावर डाव्या बाजूला खूण आहे.
केस तिथूनच वळवते ती.

दुसऱ्या सकाळी सतरा नंबर
लिंबाच्या वासात पूर्ण जीभ काढून बसली.
लांब, निवांत, जणू काल घडलंच नव्हतं.
मला राग आला. खरंच आला, एका माशीचा.
मॅडम म्हणाल्या, अगं, जुनं पुसलं जात नाही.
वर झाकण बसतं फक्त.
आज तिला कमी खेपा लागतील, बघ.
चार लागल्या.

संध्याकाळी चिकटपट्टी सोडवली.
ती स्ट्रॉच्या काठावर बसली, मिशा पुसल्या,
एक, मग दुसरी, मग परत पहिली,
आणि पेटीकडे न जाता
काजूच्या मोहोरावर गेली.

शनिवारी शेवटच्या कदंबाने घरी.
भट्टी पेटलेली, बाबा उकिडवे बसलेले,
धार सुरू होत होती.
वास आला तसे त्यांचे ओठ जरासे उघडले.
मी पाहिलं. त्यांना कळलं मी पाहिलं ते.
म्हणाले, काय गो, शिकल्या का तुमच्या माश्या?
म्हटलं, अर्ध्या.
हं, म्हणाले,
आणि वाफ धरणाऱ्या मडक्यावर
गार पाण्याचा तांब्या ओतला,
मग आणखी एक.